गोठ्यातील निर्णय आधी मॉडेलवर तपासून पाहावा: गोव्यातील दूध उत्पादकांसाठी सिम्युलेशनची प्राथमिक ओळख

गोठ्यात घेतलेल्या निर्णयाचा खर्च लगेच दिसतो, परिणाम मात्र कधी तीन महिन्यांनी तर कधी तीन वर्षांनी हाती येतो. आज कृत्रिम रेतन केलेली गाय गाभण राहिली तर साधारण २८० दिवसांनी विते, आणि झालेली पाडी नीट वाढली तरी तिचे पहिले वेत सुरू व्हायला पुढे अडीच वर्षांच्या आसपास काळ जातो. म्हणजे आज वापरलेल्या वीर्यमात्रेचे दूध दूध संस्थेच्या कॅनमध्ये पडेपर्यंत तीन वर्षे उलटून गेलेली असतात. मधल्या काळात खुराकाचे भाव बदलतात, एखादी गाय कासदाहाने बाद होते, बँकेचे हप्ते चालूच राहतात. अशा परिस्थितीत चालू महिन्याचा जमाखर्च पाहून ‘हे धोरण फायद्याचे, ते तोट्याचे’ असे ठरवणे धोक्याचे असते.

गतिमान सिम्युलेशन मॉडेल या ठिकाणी उपयोगी पडते. कळपाची आजची स्थिती घ्यायची, ती एका महिन्याने कशी बदलेल याचे नियम लिहायचे, ते नियम साठ-सत्तर महिने पुन्हा पुन्हा लावायचे आणि त्यातून दूध, जनावरांची संख्या, चारा व रोकड यांची वाटचाल पाहायची, एवढाच त्याचा गाभा आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी उद्योगांतील चढउतार समजून घेण्यासाठी साठा आणि प्रवाह यांवर आधारलेली ही पद्धत विकसित केली. पुढे ती अनेक क्षेत्रांत पोहोचली आणि दुग्धव्यवसायासाठीही संपूर्ण फार्मची मॉडेल तयार झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याचे इंटिग्रेटेड फार्म सिस्टम मॉडेल आणि आयर्लंडमधील मूरपार्क येथील दुग्धव्यवसायाचे मॉडेल ही त्यांतील परिचित उदाहरणे आहेत. मात्र नवोदिताने तेथून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मॉडेल थंड हवामान, मोठे कळप, कुरणे आणि तेथील चारापिके गृहीत धरतात. सत्तरी किंवा धारबांदोडा तालुक्यातील दहा संकरित गाईंच्या गोठ्याला ती लावायची झाल्यास बदलाव्या लागणाऱ्या संख्या इतक्या निघतात की स्वतःचे छोटे मॉडेल बांधणे अधिक सोपे जाते.

हा लेख स्वतःचा गोठा सांभाळणाऱ्या तरुण उत्पादकांसाठी, दूध संस्थांच्या सचिवांसाठी आणि गावपातळीवर सल्ला देणाऱ्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. एक्सेल किंवा लिब्रऑफिस कॅल्क यांत बेरीज-गुणाकाराची सूत्रे लिहिता येत असतील तर पुरेसे आहे. चित्र काढून मॉडेल बांधायचे असेल तर ब्राउझरमध्ये विनामूल्य चालणारे इनसाइट मेकर किंवा शिकण्यासाठी मोफत मिळणारे व्हेन्सिम पीएलई वापरता येईल. तरीही पहिले मॉडेल एक्सेलमध्येच करावे, कारण तेथे प्रत्येक आकडा कोठून आला हे डोळ्यांसमोर राहते.

पहिली पायरी: प्रश्न नेमका लिहून काढणे

‘माझा गोठा फायद्यात कसा येईल?’ या प्रश्नाचे मॉडेल होत नाही. ‘पुढील पाच वर्षांत आणखी चार गाई विकत घेणे, आहेत त्याच गाईंचे माज अधिक काटेकोरपणे ओळखून दोन वेतांतील अंतर कमी करणे आणि पाड्याच जन्माव्यात म्हणून लिंगवर्गीकृत वीर्य वापरणे, या तीनपैकी कोणत्या मार्गात कर्जाचा हप्ता एकाही महिन्यात न चुकता सर्वाधिक शिल्लक राहील?’ या प्रश्नाचे होते. त्यात कालावधी आहे, पर्याय आहेत, निकष आहे आणि मोडू न देण्याची अटही आहे. अट विशेष महत्त्वाची. छोट्या गोठ्यावर पाचव्या वर्षीच्या नफ्यापेक्षा दुसऱ्या वर्षातील रोकड आटल्याने संकट येते, आणि सरासरी नफ्याचा आकडा ते संकट झाकून टाकतो.

कालावधी पाच ते सात वर्षांपेक्षा कमी धरू नये. तीन वर्षांचे मॉडेल केले तर कालवडी वाढवण्याचा सारा खर्च हिशेबात येतो आणि त्यांचे दूध बाहेर राहते, त्यामुळे कालवडी विकणे हेच नेहमी शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: नोंदवही

मॉडेलला लागणारी माहिती बहुतेक गोठ्यांत अर्धी असते. संस्थेच्या पावत्यांवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) आणि मिळालेला दर असतो, म्हणून दुधाची बाजू भक्कम असते. गाईची बाजू लंगडी असते. त्यासाठी प्रत्येक गाईला वहीत एक पान द्यावे. वर कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, त्याखाली विण्याची तारीख, माजावर आल्याच्या तारखा, रेतनाच्या तारखा, उलटली (रेतनानंतर गाभण न राहता पुन्हा माजावर आली) असल्यास तो दिवस, गाभण तपासणीचा निकाल, दूध आटल्याची तारीख आणि आजारपण. महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून त्याच पानावर लिहावे. अशा पानावर ‘रेतन ४ मार्च, पुन्हा माज १६ एप्रिल’ अशी नोंद दिसली की ४३ दिवसांचे अंतर लगेच लक्षात येते. माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असल्यामुळे मधला एक माज बहुधा कोणाच्या नजरेला पडलाच नाही, असा त्याचा अर्थ निघतो. मॉडेलमधील सर्वांत मोलाचा आकडा अशा पानांतून मिळतो.

जुन्या नोंदी नसतील तर विण्याच्या आठवणीतील तारखांवरून सुरुवात करावी आणि तो आकडा ‘अंदाज’ म्हणून वेगळ्या रंगात ठेवावा. अंदाज वाईट नसतो, पण तो मोजलेल्या आकड्यांत मिसळून गेला तर पुढे तपासता येत नाही.

तिसरी पायरी: साठे आणि प्रवाह मांडणे

एखाद्या दिवशी गोठ्यात जाऊन मोजता येते ते साठे: दुभत्या पण अजून गाभण नसलेल्या गाई, दुभत्या आणि गाभण, भाकड गाभण, दुधावरची वासरे, वाढत्या कालवडी, गाभण कालवडी, पेंढ्याचा साठा, बँकेतील शिल्लक. महिनाभरात एका साठ्यातून दुसऱ्यात जाते ते प्रवाह: गर्भधारणा, दूध आटणे, विणे, मरतूक, विक्री, खरेदी. एक्सेलमध्ये प्रत्येक साठ्याला एक स्तंभ आणि प्रत्येक महिन्याला एक ओळ द्यावी. पुढच्या ओळीतील साठा म्हणजे मागील साठा, अधिक आत आलेले, उणे बाहेर गेलेले. याखेरीज दुसरे कोणतेही सूत्र साठ्याच्या स्तंभात असू नये.

नवशिक्याचे मॉडेल बहुधा गाभणपणाच्या काळापाशी चुकते, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. गाभण काळ नऊ महिन्यांचा आहे म्हणून ‘दर महिन्याला गाभण गाईंपैकी एक नवमांश विते’ असे सूत्र लिहिण्याचा मोह होतो. हे सूत्र दिसायला बरोबर आहे, सरासरीही नऊ महिन्यांचीच येते, परंतु त्यानुसार आज गाभण राहिलेल्या गाईंपैकी सुमारे ३० टक्के गाई तीन महिन्यांतच वितात. कोणत्याही गोठ्यात असे घडत नाही. मॉडेलमध्ये मात्र ते गुपचूप घडते, दूध वेळेआधी सुरू होते आणि प्रजननावर केलेला प्रत्येक खर्च आहे त्यापेक्षा किफायतशीर दिसू लागतो. उपाय सोपा आहे. गाभण गाईंसाठी एका साठ्याऐवजी नऊ चौकटींची ओळ करावी. या महिन्यात गर्भधारणा झालेल्या गाई पहिल्या चौकटीत जातात, दर महिन्याला सर्व गाई एकेक चौकट पुढे सरकतात आणि नवव्या चौकटीतून बाहेर पडणाऱ्या गाईच वितात. आठव्या चौकटीत शिरताना दूध आटवायचे, म्हणजे विण्यापूर्वीचा साठ दिवसांचा विश्रांतीकाळही पाळला जातो. कालवडींच्या वाढीसाठीही अशीच, पण लांब ओळ लागते. म्हशी असतील तर गाभण काळ साधारण ३१० दिवसांचा असल्याने त्यांच्या ओळीत दहा चौकटी ठेवाव्यात.

चौथी पायरी: गर्भधारणेचा दर

माज ओळखण्याचे प्रमाण आणि रेतन यशस्वी होण्याचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे एका चक्रातील गर्भधारणेचा दर. उदाहरणादाखल, निम्मे माज ओळखले जातात आणि १०० पैकी ४० रेतने यशस्वी होतात असे धरले तर ०.५० गुणिले ०.४०, म्हणजे २१ दिवसांच्या एका चक्रात २० टक्के. माज ओळखण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवर नेले, तर रेतनाच्या यशात काहीही सुधारणा न होता हा दर २८ टक्के होतो.

हा दर २१ दिवसांचा आहे आणि मॉडेलची पायरी महिन्याची आहे, हे विसरता कामा नये. २० टक्क्यांचा चक्रदर महिन्याला सुमारे २७ टक्के होतो आणि २८ टक्क्यांचा सुमारे ३७.५ टक्के. सूत्र असे: एकातून चक्रदर वजा करावा, येणाऱ्या संख्येचा ३०/२१ इतका घात घ्यावा आणि तो पुन्हा एकातून वजा करावा. विल्यानंतरचे पहिले दोन महिने गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी सोडून द्यावेत, म्हणजे तेवढ्या काळासाठी ताज्या विलेल्या गाईंच्या दोन चौकटी वेगळ्या ठेवाव्यात.

आता फरक पाहू. २० टक्के दराने गाभण राहण्यासाठी सरासरी पाच चक्रे, म्हणजे १०५ दिवस लागतात. सुरुवातीचे ६० आणि गाभणपणाचे २८० दिवस मिळवले की दोन वेतांतील अंतर ४४५ दिवसांचे येते. २८ टक्के दराने तेच अंतर सुमारे ४१५ दिवसांवर येते. गाईमागे तीस दिवस वाचले.

पाचवी पायरी: दुधाची चढण आणि उतरण

विल्यानंतर दूध वाढते, साधारण दीड-दोन महिन्यांत शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. या वक्रासाठी वुड यांनी १९६७ मध्ये मांडलेले समीकरण जगभर वापरले जाते, पण सुरुवातीला साधी महिन्याची कोष्टकेही चालतात. पहिल्या महिन्यात दिवसाला १२ लिटर, दुसऱ्यात १४ आणि त्यानंतर दर महिन्याला सात टक्के घट, असा एक नमुना घेऊ. प्रत्येकाने अर्थातच आपल्या वहीतील मासिक मोजणीवरून स्वतःचा वक्र बसवावा.

दहा गाई याच वक्राने दूध देतात आणि विण्यापूर्वी दोन महिने त्यांचे दूध आटवले जाते असे मानले, तर दोन वेतांतील अंतर ४४५ वरून ४१५ दिवसांवर आणल्याने वर्षाला सुमारे ५८० लिटर जास्त मिळतात. हा आकडा पाहून अनेकांचा हिरमोड होईल. पण त्याच गाई गाभण असोत वा नसोत, ३०५ दिवसांच्या आसपास आपोआप आटत असतील, तर तीच सुधारणा वर्षाला सुमारे १,९०० लिटर देते. कारण पहिल्या कळपात जादाच्या तीस दिवसांतही गाय सहा-सात लिटर देतच असते, तर दुसऱ्या कळपात ते तीस दिवस ती रिकामी उभी राहून खात असते. शेजारच्या गावातील एखाद्याला माज ओळखण्याच्या शिस्तीतून मोठा लाभ झाला आणि आपल्याला फारसा झाला नाही, यामागे अनेकदा हेच कारण असते. आपल्या गाई किती दिवसांनी आटतात हे वहीतून कळल्याखेरीज दुसऱ्याचा अनुभव आपल्या गोठ्याला लावता येत नाही. मॉडेलचे खरे काम मला येथे दिसते. ते एकच सल्ला सर्वांना देत नाही, तर कोणत्या परिस्थितीत कोणता सल्ला लागू पडतो हे दाखवते.

खुराकाविषयी एक सावधगिरी. संकरित गाईला शरीरपोषणासाठीच्या खुराकाखेरीज दर अडीच लिटर दुधामागे एक किलो पशुखाद्य द्यावे, हा ठोकताळा सर्वांना माहीत असतो. तो उलटा वाचून ‘एक किलो कमी केले तर अडीच लिटर कमी होतील’ असे सूत्र मॉडेलमध्ये घालू नये. वेताच्या शेवटच्या टप्प्यातील, अंगाने भरलेल्या गाईचा खुराक कमी केला तर दूध थोडेच घटते. ताज्या विलेल्या गाईचा कमी केला तर ती आधी अंगातील चरबी वापरून दूध टिकवते, मग रोडावते आणि माजावर यायला उशीर करते. दुसऱ्या गाईच्या बाबतीत पहिल्या महिन्यात बचत दिसते आणि तिची किंमत पुढच्या वेताला मोजावी लागते. म्हणून खुराकातील कपात मॉडेलमध्ये दोन ठिकाणी जोडावी: दुधाच्या वक्राला आणि गर्भधारणेच्या दराला. दुसरी जोडणी वगळली तर खुराक कमी करण्याचे धोरण जवळजवळ नेहमीच जिंकते, आणि त्या निकालावर विश्वास ठेवणाऱ्याचे मोठे नुकसान होते.

सहावी पायरी: गोव्याचे हवामान आणि चारा

गोव्यात वर्षाचा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढे मे अखेरपर्यंत हिरवा चारा पाण्याच्या सोयीवर अवलंबून राहतो. सरद म्हणजे पावसाळी भाताचा पेंढा पावसाळा संपताना मिळतो, वायंगण म्हणजे रब्बी भाताचा उन्हाळ्याच्या तोंडाला. त्यामुळे चाऱ्याचा साठा हा मॉडेलमध्ये स्वतंत्र स्तंभ असलाच पाहिजे. दहा गाईंना दिवसाला प्रत्येकी ५ किलो सुका चारा धरला तर महिन्याला १,५०० किलो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी ६ टन चारा मे महिन्यात कोरड्या, उंच जागी रचलेला हवा. ती जागा आहे का, हा प्रश्न मॉडेलच विचारू लागते. भिजून कुजणाऱ्या पेंढ्याचे प्रमाण गळतीचा प्रवाह म्हणून जरूर धरावे. संकरित नेपियरची लागवड असेल तर पावसाळ्यातील जास्तीच्या कापणीचा मुरघास (हवाबंद मुरवून टिकवलेला हिरवा चारा) करून तो फेब्रुवारी ते मे या काळात वापरण्याचा पर्याय याच स्तंभांवर तपासता येतो.

उष्णतेचा परिणाम तापमान-आर्द्रता निर्देशांकाने धरतात. हा निर्देशांक ७२ च्या वर गेला की संकरित व विदेशी रक्ताच्या गाईंवर ताण येऊ लागतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जास्त दुधाळ गाईंना त्याच्या थोडे अलीकडेच तो जाणवतो. प्रचलित सूत्राने ३२ अंश सेल्सिअस आणि ४० टक्के आर्द्रतेला तो सुमारे ७९ येतो, तर त्याच तापमानाला ७० टक्के आर्द्रतेत सुमारे ८४. घाटमाथ्यावरील आकडे किनारपट्टीला का चालत नाहीत, हे एवढ्यावरून कळते. मॉडेलमध्ये बारा महिन्यांचा एक लहान तक्ता करून त्या त्या महिन्यात दुधाला आणि गर्भधारणेच्या दराला किती टक्के कात्री लागते ते लिहावे. ही टक्केवारी आपल्या नोंदींवरूनच काढावी. गोठ्याचे छप्पर, पंखे आणि अंगावर पाणी मारण्याची सोय यांनुसार ती बरीच बदलते.

हा तक्ता जोडला की पुढील साखळी आपोआप उलगडते. एप्रिल-मे महिन्यांत गर्भधारणा कमी झाल्या की जानेवारी-फेब्रुवारीत विणाऱ्या गाई कमी होतात. राहून गेलेल्या गाई पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत गाभण राहतात, मार्च-एप्रिलमध्ये वितात आणि त्यांच्या दुधाचे शिखर नेमके सर्वाधिक उकाड्यात येते. उन्हाळ्यात गोठा थंड ठेवण्याच्या खर्चाचा मोठा भाग पुढच्या हिवाळ्यात वसूल होतो, हे महिन्याच्या जमाखर्चात कधीच दिसत नाही.

कळपात श्वेतकपिला गाई असतील तर त्यांचे स्तंभ वेगळे ठेवावेत. गोव्याची स्वतःची म्हणून नोंदणी झालेली ही जात कमी दूध देते, पण येथील हवामानाला आणि चाऱ्याला सरावलेली आहे. संकरित गाईंची उष्णतेची कात्री तिला लावणे चूक ठरेल. स्थानिक जाती व चारापिकांविषयीच्या माहितीसाठी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतील तज्ज्ञांना विचारावे.

सातवी पायरी: रोकड

येथे फार क्लिष्टता नको. दुधाचे पैसे, शेण व जनावरांची विक्री एका बाजूला. खाद्य, मजुरी, औषधोपचार, वीज आणि हप्ते दुसऱ्या बाजूला. रक्कम ज्या महिन्यात प्रत्यक्ष खात्यात येते किंवा खात्यातून जाते त्याच महिन्यात लिहावी. दुधावरील शासकीय प्रोत्साहन रक्कम किंवा अनुदान मंजुरीच्या महिन्यात न धरता, जमा होण्याच्या महिन्यात धरावे. घरी वापरलेले दूध आणि घरच्या माणसांचे श्रम यांचीही किंमत लावावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जास्त गाई घेण्याच्या धोरणात सर्वाधिक वाढणारा खर्च बहुधा घरातील स्त्रियांच्या कामाचा असतो आणि तो कोणत्याच पावतीवर उमटत नाही.

आठवी पायरी: मॉडेलची परीक्षा

कोणतेही धोरण तपासण्यापूर्वी मॉडेल विश्वासार्ह आहे का ते पाहावे. पहिली परीक्षा जनावरे मोजण्याची: सुरुवातीची संख्या, अधिक जन्म व खरेदी, उणे मरतूक व विक्री, आणि शेवटची संख्या यांचा मेळ प्रत्येक महिन्यात बसला पाहिजे. दुसरी टोकाची: रेतन पूर्ण बंद केले तर आधीच्या गाभण गाई विऊन आटेपर्यंत दूध चालेल आणि साधारण विसाव्या महिन्याच्या सुमारास शून्यावर येईल. ते तिसाव्या महिन्यातही चालू असेल तर कोठेतरी सूत्र चुकले आहे. तिसरी भूतकाळाची: एक वर्षापूर्वीची कळपाची स्थिती भरून मॉडेल बारा महिने चालवावे आणि येणारे मासिक लिटर संस्थेच्या पावत्यांशी ताडून पाहावेत. आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नाही. चढउताराचे महिने जुळले पाहिजेत. ते जुळत नसतील तर आकडे ओढूनताणून जुळवण्यापेक्षा कोणती गोष्ट मांडायची राहिली ते शोधावे. अनेकदा एखादी विकलेली गाय किंवा लाळ्या-खुरकूत अथवा गोचिडांच्या तापाचा विसरलेला महिना सापडतो.

यानंतर प्रत्येक महत्त्वाचा आकडा एकेक करून वीस टक्क्यांनी वर-खाली करावा. ज्या आकड्यामुळे निकाल उलटतो, तो नीट मोजण्यासाठी वेळ द्यावा. ज्याने काहीच फरक पडत नाही, त्याचा अंदाज चालतो.

नववी पायरी: धोरणांची तुलना

सर्वप्रथम काहीही न बदलता मॉडेल साठ महिने चालवावे आणि तो निकाल जपून ठेवावा. प्रत्येक धोरणाची तुलना आजच्या स्थितीशी न करता या निकालाशी करायची असते, कारण काही न करताही कळप बदलतच असतो.

गाई खरेदीचे धोरण घेऊ. समजा, कर्ज काढून चार ताज्या विलेल्या गाई नोव्हेंबरमध्ये एकदम आणल्या. पहिले काही महिने उत्तम जातात. पण चारही गाई एकाच सुमारास विलेल्या असल्याने दहा महिन्यांनी आटणाऱ्या असतील तर त्या सप्टेंबरमध्ये एकदम भाकड होतात, आणि ४४५ दिवसांच्या अंतराने पुढचे वेत तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत येते. चतुर्थीच्या सुमारापासून ते नवे वर्ष लागेपर्यंत चार गाई खातात, दूध देत नाहीत, आणि हप्ता तेवढाच असतो. मॉडेलमध्ये हे खोलगट महिने ठळक दिसतात. दोन गाई नोव्हेंबरमध्ये आणि दोन पुढच्या मे-जूनमध्ये घेतल्या तर पाच वर्षांचे एकूण दूध फारसे बदलत नाही, पण रोकडीचा तळ बराच वर येतो.

लिंगवर्गीकृत वीर्याचे धोरण वेगळ्या ठिकाणी अडते. दहा गाईंपासून वर्षाला साडेआठ वासरे होतात, कालवडी २९ महिन्यांच्या वयात पहिल्यांदा वितात आणि १५ टक्के वासरे दगावतात असे धरू. साध्या वीर्याने वर्षाला साडेतीनच्या आसपास पाड्या जगतील आणि कोणत्याही वेळी गोठ्यात सुमारे नऊ लहान-मोठ्या कालवडी उभ्या असतील. लिंगवर्गीकृत वीर्याने साधारण ९० टक्के पाड्या होतात. म्हणजे वर्षाला साडेसहा पाड्या जगतील आणि कालवडींची संख्या सुमारे सोळावर जाईल. दहा गाईंच्या गोठ्यात सोळा कालवडी! वर्षाला दोन गाई बाद होत असतील तर बदलीसाठी दोन-तीन कालवडी पुरतात. या वीर्याने गर्भधारणेचे प्रमाणही साध्या वीर्यापेक्षा काहीसे कमी राहते, तेही मॉडेलमध्ये धरावे. म्हणून सर्व गाईंऐवजी केवळ उत्तम दोन-तीन गाईंना आणि पहिल्या रेतनालाच ते वापरण्याचा मधला पर्याय चालवून पाहावा, आणि गाभण कालवडी विकण्याची खात्रीशीर बाजारपेठ असेल तरच मोठा पर्याय विचारात घ्यावा.

माज ओळखण्याच्या धोरणाचा खर्च सर्वांत कमी आहे: सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटे गोठ्यात थांबून गाईंचे वागणे, सोट (माजाच्या वेळी गळणारा चिकट स्राव) आणि हंबरणे पाहणे. या वेळेची मजुरी धरूनही ते किती परतावा देते, हे पाचव्या पायरीतील फरकावर, म्हणजे गाई केव्हा आटतात यावर ठरते.

दहावी पायरी: नशिबाचा भाग मोजणे

आतापर्यंतच्या मॉडेलमध्ये ‘१.३ गाई गाभण राहिल्या’ असे आकडे येतात. मोठ्या कळपाला ते चालते, दहा गाईंच्या गोठ्याला नाही. पाच गाई रिकाम्या असून दर २० टक्के असेल, तर एका चक्रात एकही गाय गाभण न राहण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आहे. म्हणजे सर्व काही नीट करूनही तीनपैकी एका खेपेला निराशा पदरी येऊ शकते, आणि त्यावरून धोरण चुकले असे म्हणता येत नाही. एक्सेलमधील यादृच्छिक संख्येचे सूत्र वापरून प्रत्येक गाईचा निकाल स्वतंत्रपणे काढावा आणि तेच धोरण काहीशे वेळा चालवावे. तुलना करताना सर्व धोरणांना यादृच्छिक संख्यांची एकच मालिका द्यावी, नाहीतर धोरणातील फरक आणि नशिबातील फरक वेगळे करता येत नाहीत.

मग सरासरीबरोबर दोन गोष्टी लिहाव्यात: शंभरपैकी किती वेळा रोकड शून्याखाली गेली, आणि वाईटातील वाईट दहा टक्के निकालांत पाच वर्षांनंतर किती गाई उरल्या. कर्ज मागताना बँकेसमोर किंवा गावातील दूध संस्थेच्या बैठकीत हेच दोन आकडे ठेवावेत.

धोरण अमलात आणल्यावर मॉडेल मिटून ठेवू नये. दर महिन्याच्या शेवटी वहीतील प्रत्यक्ष आकडे त्याच ओळीत शेजारच्या स्तंभात भरावेत. फरक सलग तीन महिने एकाच दिशेने जात असेल तर गर्भधारणेचा दर, दुधाचा वक्र आणि खाद्याचा भाव या क्रमाने तपासणी करावी, सापडलेला नवा आकडा तारखेसह लिहावा आणि उरलेल्या महिन्यांसाठी सर्व धोरणे पुन्हा चालवावीत.